शर्यत बघायला आई आली

मुलांनो, आधी एक कोडं घालते. एक मोटार आहे. तिला दारं दिसतात, पण उघडत एकही नाही. चालवणारा खिडकीतून आत शिरतो आणि खिडकीतूनच बाहेर येतो. तिला शेजारी बसायची सीट नाही, हॉर्न नाही. आणि शर्यतभर ती फक्त डावीकडे वळते. सांगा बघू, ही कुठली मोटार?

नाही आलं ना? अहो, मलाही आलं नसतं. मी सांगली जिल्ह्यातल्या एका लहान गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडं शर्यत म्हटलं की बैलगाड्यांची, आणि खेळ म्हटला की कुस्ती, कबड्डी, खो-खो. पण २०२४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी माझ्या ताईकडे अमेरिकेत गेले. ताई आणि दाजी नॉर्थ कॅरोलिना राज्यात राहतात. तिथं एका शनिवारी संध्याकाळी हे कोडं माझ्यासमोर चाळीस हॉर्नांएवढा आवाज करत येऊन उभं राहिलं!

त्या मोटारीला म्हणतात 'स्टॉक कार'. दुकानात विकायला जो माल भरलेला असतो, त्याला इंग्रजीत 'स्टॉक' म्हणतात. म्हणजे स्टॉक कार ही मूळची कोणीही दुकानातून विकत घ्यावी अशी साधी गाडी. १९४८ साली बिल फ्रान्स नावाच्या गृहस्थांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 'नॅसकार' ही संस्था काढली. त्यांचा विचार साधा होता. लोक घरी जी गाडी वापरतात तसलीच गाडी शर्यतीत पळाली, तर बघणाऱ्याला ती आपली वाटेल. १९ जून १९४९ ला शार्लट गावी अशा गाड्यांची पहिली मोठी शर्यत झाली. त्याची गंमत ऐका. जो गाडीवाला पहिला आला, त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा तपासणीत नियमाबाहेर बदललेल्या निघाल्या. का? तर ती गाडी चोरटी दारू वाहून नेण्यासाठी मजबूत केलेली होती! मग पहिला नंबर रद्द झाला आणि दुसऱ्याला मिळाला. आणि मुलींनो, तुमच्यासाठी खास गोष्ट : त्याच शर्यतीत सारा ख्रिश्चन नावाच्या एक बाईसुद्धा गाडी चालवत होत्या.

आता गाड्या पुष्कळ बदलल्या आहेत. आतून लोखंडी नळ्यांचा भक्कम पिंजरा केलेला असतो, म्हणजे गाडी उलटली तरी चालवणारा वाचावा. दारं पक्की बंद असतात ती त्याचसाठी. खिडकीला जाळी असते, कारण गाडी आपटली तर हात बाहेर फेकला जाऊ नये. ही सगळी काळजी अपघातांतून शिकून घेतलेली आहे.

तर ताई म्हणाली, "शनिवारी विन्स्टन-सेलमला शर्यत असते. जायचं का?" भाची आनंदानं उडाली. दाजी मात्र जरा घुटमळले. म्हणाले, "आपण कधी गेलो नाही. तिथं सगळी त्यांचीच माणसं. आपण वेगळेच दिसू."

मुलांनो, हे वाक्य ऐकलं आणि मला माझं लहानपण आठवलं.

आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो. हलगी कडाडते, पैलवान शड्डू ठोकतात. मोठ्या जोडी लागण्याआधी लहान पोरांच्या कुस्त्या होतात, रेवड्यांवर. जिंकला की मूठभर रेवड्या! माझा धाकटा भाऊ आजोबांच्या खांद्यावर बसून जायचा आणि रेवड्या घेऊन यायचा. मी आणि आई मात्र घरी. एकदा मी हट्ट केला, तर आजोबा प्रेमानंच म्हणाले, "पोरी, फडात बायका येत नाहीत." तशी पाटी कुठं लावलेली नव्हती. तिकीटही नव्हतं. तरी आम्हाला दार बंदच होतं. मी छपरावर चढून हलगी ऐकायची आणि भावानं आणलेल्या रेवड्या खायची. रेवडी गोड होती; पण कुस्ती मात्र मी पाहिलेली नव्हती.

म्हणून मी दाजींना म्हटलं, "चला, जाऊ या. फार तर परत येऊ."

विन्स्टन-सेलमच्या त्या मैदानाचं नाव बोमन ग्रे स्टेडियम. १९४९ पासून तिथं उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री शर्यती होतात. मधे हिरवळ आहे, तिच्यावर तिथल्या विद्यापीठाचा संघ त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल खेळतो. आणि हिरवळीभोवती डांबरी रस्ता, एक फेरी पाव मैलाची. म्हणजे साधारण ४०० मीटर. तुमच्या जिल्हा क्रीडा संकुलातली धावण्याची फेरी असते ना, तेवढीच! तेवढ्याशा जागेत वीस-वीस गाड्या घुसतात. वेगवान गाडी एक फेरी पंधरा सेकंदांच्या आसपास संपवते. पाटी-पेन्सिल घ्या आणि ताशी वेग काढा बघू. ४०० मीटर, १५ सेकंद... आलं उत्तर? ताशी ९६ किलोमीटर! तेही सतत वळत असताना.

मी मात्र गाड्यांपेक्षा माणसंच जास्त बघत होते. माझ्या पुढच्या ओळीत एक आजी, त्यांची लेक आणि लेकीचं तान्हं बाळ. बाळाच्या कानांवर केवढे तरी मोठे कानझाकणे! आवाज फार असतो, म्हणून मुलांचे कान झाकायचेच, हा तिथला रिवाज. मुलांचं तिकीट अगदी नाममात्र, एकदम लहानांना फुकट. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला गोंधळलेलं पाहिलं आणि आपणहून समजावून द्यायला सुरुवात केली. हिरवा झेंडा म्हणजे निघा. पिवळा म्हणजे पुढं गडबड आहे, सावकाश. लाल म्हणजे थांबा. पांढरा म्हणजे शेवटची फेरी. आणि काळ्या-पांढऱ्या चौकटींचा म्हणजे संपली शर्यत. दहा मिनिटांत माझी भाची झेंडे ओळखून ओरडू लागली, आणि आणखी दहा मिनिटांत दाजी!

मग त्या आजोबांनी मला एक गंमत सांगितली. या गाड्या नेहमी डावीकडे वळतात, म्हणून त्यांची उजवीकडची चाकं डावीकडच्यांपेक्षा किंचित मोठी ठेवतात. असं का? घरात एक पेला घ्या, वर रुंद आणि खाली निमुळता. तो जमिनीवर आडवा ठेवून ढकला. सरळ जातो का? नाही, गोल फिरतो. रुंद बाजूला जास्त अंतर कापावं लागतं. बस्स, तीच युक्ती! सुट्टीनंतर शाळेत आल्यावर मी चौथीच्या वर्गात पहिला धडा हाच घेतला. अख्खा वर्ग पेले लोळवत होता.

पण सगळंच गोड गोड सांगितलं तर ते खरं होणार नाही. त्या मैदानाला लोक लाडानं 'वेड्यांचं घर' म्हणतात. तिथं गाड्या एकमेकींना घासतात, आपटतात. कधी कधी चालवणारे रागानं मुद्दाम धडक देतात आणि उतरून भांडायला लागतात. तसं झालं की लोक उभे राहून ओरडतात. त्या रात्रीही एकदा झालं. माझ्या भाचीनं विचारलं, "मावशी, हे चांगलं आहे का?" मी म्हटलं, "नाही." तिनं पुन्हा विचारलं, "मग सगळे टाळ्या का वाजवतात?" या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. भांडणानं गर्दी जमते, हे खरं आहे. आपल्या गल्लीतही जमतेच की! पण भांडणासाठी आलेला माणूस भांडण नसेल तेव्हा येणार नाही. आणि तान्ह्या बाळाला घेऊन आलेली आई भांडण वाढलं तर पुन्हा येणार नाही. दोघांपैकी कोण हवं, हे मैदान चालवणाऱ्यांनी ठरवायचं असतं.

परतताना मी त्या आजोबांना विचारलं, "गर्दी नेहमी अशीच असते का?" ते म्हणाले, "इथं असते. सगळीकडे नाही." अमेरिकेत गावोगावी अशी छोटी मैदानं आहेत. बरीच बंद पडली. लोक मोठ्या शर्यती घरी टीव्हीवर बघतात, गाडी पळवायचा खर्च वाढतो, गाव वाढत वाढत मैदानाला येऊन भिडतं आणि आवाजाच्या तक्रारी होतात. त्याच राज्यातल्या नॉर्थ विल्क्सबरो गावचं मैदान १९९६ नंतर ओस पडलं होतं. रस्त्यातून गवत वर आलं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये डेल अर्नहार्ट ज्युनिअर हा नावाजलेला शर्यतपटू बरीच मंडळी घेऊन गेला आणि त्यांनी हातांनी ते गवत उपटलं. का, तर संगणकावरच्या शर्यतीच्या खेळासाठी त्या रस्त्याचं मोजमाप घेता यावं, निदान खेळात तरी मैदान जिवंत राहावं. आणि काय झालं माहीत आहे? लोकांना त्या मैदानाची पुन्हा आठवण झाली. मे २०२३ मध्ये तिथं खरीखुरी मोठी शर्यत झाली.

अशी छोटी मैदानं टिकवायला लोक काय काय करतात, तेही ऐकण्यासारखं आहे. शर्यतीच्या मधल्या वेळात लहान मुलांच्या सायकलींची शर्यत ठेवतात. शर्यतीआधी गाड्या उभ्या करतात. मुलं जवळ जाऊन बघतात, चालवणाऱ्याची सही घेतात. तो चालवणारा कोण असतो? आठवडाभर गॅरेजात नाहीतर कारखान्यात काम करणारा, गावातलाच कोणाचा तरी बाबा! आपल्या ओळखीचा माणूस पळतोय म्हटल्यावर अख्खी गल्ली येते. हे टीव्हीवर कुठून मिळणार?

आणि मैदानाचं दार म्हणजे नुसती तिकीटखिडकी नव्हे. वेंडेल स्कॉट हे कृष्णवर्णीय शर्यतपटू १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिलची शर्यत जिंकले. पण त्या दिवशी विजेता म्हणून दुसऱ्याचंच नाव पुकारलं गेलं. काही तासांनी चूक मान्य झाली. चषक मात्र त्यांच्या हयातीत नीट असा मिळालाच नाही. १९९० साली ते वारले, आणि त्यांच्या कुटुंबाला चषक मिळाला तो २०२१ मध्ये. गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या सैन्याचा झेंडा लोक शर्यतीला आणून फडकवत, तो नॅसकारनं २०२० साली बंद केला. तो झेंडा ज्यांच्या आजा-पणजांना दुखवत होता, ती कुटुंबं तिकीट स्वस्त केलं म्हणून येणार होती का? सांगा बरं. दाजी का घुटमळले होते, ते मला तेव्हा नीट कळलं. आणि झेंडे समजावून सांगणाऱ्या त्या आजोबांची किंमतही कळली. "या, बसा, मी सांगतो," एवढंच तर ते म्हणाले होते.

आता आपल्या गावाकडं येते. आमची शाळा सातवीपर्यंत, पटावर ६४ मुलं. मुलींचा खो-खोचा संघ चांगला आहे. पण सामने बघायला कोण? आम्ही चार शिक्षक आणि कट्ट्यावर बसणारे दोन-तीन आजोबा. मुलींच्या आया कधी येत नसत. अमेरिकेहून आल्यावर मी ठरवलं, यंदा आयांना आणायचंच. डिसेंबर २०२४ मध्ये मोठ्या हौसेनं सामना ठेवला. निमंत्रणपत्रिका छापल्या, पाहुणे बोलावले, हार-नारळ आणले. दुपारी तीनची वेळ. बारा आया आल्या, मला केवढा आनंद झाला! मग पाहुण्यांचं भाषण झालं. मग दुसऱ्या पाहुण्यांचं. मग आभार. सामना सुरू झाला तेव्हा पाच वाजून गेले होते. एकेक आई उठली. कुणाला म्हशीची धार काढायची होती, कुणाला चूल पेटवायची होती. पहिला डाव संपला तेव्हा दोघीच उरल्या होत्या.

त्या रात्री मला स्वतःचाच राग आला. आया येत नाहीत, आया येत नाहीत, असं मी म्हणत होते. पण त्यांना येता येईल अशी वेळ मी ठेवली होती का?

मग आम्ही मुलांनाच विचारलं, "तुमची आई मोकळी कधी असते?" एक म्हणाला, "कधीच नसते." सगळे हसले, पण ते खरंच होतं. शेवटी ठरलं, शनिवारी रात्री साडेसात. भाकरी-भाजी उरकून. २५ जानेवारी २०२५ चा शनिवार धरला. योग असा की, आदल्याच रविवारी, १९ जानेवारीला, दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी आणि मुलांनी, दोन्ही संघांनी जिंकला होता. आणि दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर! गावात पोरापोरांच्या तोंडी तीच नावं होती.

या वेळी पत्रिका नाही, हार नाही, भाषण नाही. मुलांनी घरोघर जाऊन सांगितलं. ग्रामपंचायतीनं दोन मोठे दिवे लावून दिले. शाळेचं मुलींचं स्वच्छतागृह उघडून तिथंही दिवा लावला. ही गोष्ट लहान वाटते, पण बायकांना तीन तास बसवायचं तर ती पहिली हवी. बचत गटानं चहा आणि भेळ ठेवली, त्यांचीही चार पैशांची कमाई झाली. आधी पहिली-दुसरीच्या चिमुरड्यांची लंगडी ठेवली, बक्षीस काय? मूठभर रेवड्या! आणि ध्वनिक्षेपकावर सातवीतला एक मुलगा खेळ समजावून सांगत होता : "खो देताना पाठीला हात लागलाच पाहिजे. आता बघा, ती खांबाकडं पळतीय..." एवढं समजल्यावर बाया ओरडायला लागल्या हो! मी पहिल्यांदाच पाहिलं, आमच्या गावातल्या बाया मैदानाच्या कडेला उभ्या राहून ओरडताना.

मी मोजल्या. एक्केचाळीस आया, आणि आज्या वेगळ्याच.

आमच्या संघात सातवीतली एक मुलगी आहे. खांबावरून सूर मारते तेव्हा बघत राहावं. सातवीनंतर खेळ बंद, असं तिच्या घरी ठरलेलं होतं. "पोरीच्या जातीला काय करायचाय खेळ," असं तिची आई मला दोनदा म्हणाली होती. त्या रात्री तिनं लेकीला पळताना पहिल्यांदा पाहिलं. सामना संपल्यावर ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, काही तरी कौतुकाचं बोलेल. पण तिनं एवढंच विचारलं, "बाई, हायस्कुलात खो-खोचा सराव किती वाजता सुटतो?"

मी वेळ सांगितली. तिनं मनात काही हिशोब केला आणि मान हलवून गेली. पुढं काय होईल ते मी आज छातीठोक सांगत नाही. पण ज्या खेळाची आईला माहितीच नव्हती, त्याची वेळ तिनं आपणहून विचारली.

आणि हो, त्या रात्री पहिल्या ओळीत एक खुर्ची मी राखून ठेवली होती, माझ्या आईसाठी. तिला मी तालुक्याच्या गावाहून मुद्दाम आणलं होतं. लंगडी संपल्यावर एक चिमुरडी जिंकलेल्या रेवड्या मुठीत घेऊन धावत आली आणि तिनं त्यातली एक माझ्या आईच्या हातावर ठेवली. आई बराच वेळ ती तशीच धरून बसली होती. मग मला म्हणाली, "तुझ्या आजोबांचा फड असाच असायचा का गं?" मी म्हटलं, "आई, मला कुठं ठाऊक!" आणि आम्ही दोघीही हसत सुटलो.

आता दिवस बदलत आहेत. २०२३ साली आमच्या सांगलीतच पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. पण दार उघडलं म्हणून आपोआप कुणी आत येत नाही. कुणीतरी "या, बसा, मी सांगतो" म्हणावं लागतं.

पालकहो, तुमच्या मुलाचा सामना असेल तर अर्धा तास जा. जिंकतोय की हरतोय, ते महत्त्वाचं नाही. कडेला कोण उभं आहे, ते मुलं बरोबर बघतात. आणि शाळेनं अडचणीची वेळ ठेवली असेल तर तसं मोकळेपणानं सांगा. आम्हा शिक्षकांनाही सगळं सुचतंच असं नाही.

आणि मुलांनो, तुम्हाला गृहपाठ. आज आईला विचारा, "आई, तू मैदानावर जाऊन सामना शेवटचा कधी पाहिलास?" ती "कधीच नाही" म्हणाली, तर पुढचा प्रश्न विचारा, "तू मोकळी कधी असतेस?" तेवढी वेळ तुमच्या गुरुजींना नाहीतर बाईंना नेऊन सांगा. पुढचं ते बघतील. आणि ती आली, की तिच्या शेजारी बसून तिला खेळ समजावून सांगा. ते काम मात्र तुमचं.